कट कोणाचा, कारस्थान कोणाचे?

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. तालुक्याच्या कोर्टातून आम्ही पाचजणी एसटीने कड्याला परतत होतो. आमच्यातल्या एकीच्या कौटुंबिक हिंसाचाराच्या अर्जाची तारीख होती. तिची शेजारीण साक्षीला उभी राहिली होती. नवऱ्याच्या वकिलांनी तिला विचारले, "कागदपत्रं तुमच्याकडे कशी आली?" तिने खरे ते सांगितले. मुलांचे जन्मदाखले, दवाखान्याच्या चिठ्ठ्या, आधार कार्ड आणि दोन लुगडी एवढे बोचके सहा महिने तिच्या ज्वारीच्या कोठीत लपवलेले होते. जिवावर बेतले त्या रात्री तिने ते मैत्रिणीच्या हातात दिले आणि तिला बाहेर काढले. वकील कोर्टाकडे वळून म्हणाले, ही या बायकांनी मिळून आधीच रचलेली कॉन्स्पिरसी आहे.

गाडी धानोऱ्याच्या रस्त्याला लागेपर्यंत ही शेजारीण गप्प होती. मग हळूच म्हणाली, "ताई, ते कानस्पिरशी का काय म्हणाले, ते काय असतं वं?" मी म्हटले, "कट. कारस्थान." ती दचकलीच. "कट? आन् मी केला? मी तर तिची पिशवी ठेवली फक्त!" पुढच्या बैठकीला ती आली नाही. नवऱ्याने सांगितले म्हणे, कोर्टात कटवाली म्हणून नाव निघाले, आता उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचे नाही. पिशवी ठेवताना जी बाई घाबरली नाही, ती एका शब्दाने घरात बसली. म्हणून या अंकाचे संपादकीय त्या शब्दावरच लिहायचे ठरवले.

कॉन्स्पिरसी हा शब्द इंग्रजीत लॅटिनमधून आला. त्याचे मूळ दोन तुकड्यांत आहे: एकाचा अर्थ 'एकत्र', दुसऱ्याचा 'श्वास घेणे'. एकत्र श्वास घेणे, एवढाच मुळातला अर्थ. डोक्याला डोके लावून कुजबुजणाऱ्या माणसांचा श्वास एक होतो, त्यावरून पुढे त्याला गुप्त कटाचा अर्थ चिकटला. हिंदुस्थानच्या फौजदारी कायद्यात 'गुन्हेगारी कट' हे स्वतंत्र प्रकरण इंग्रज सरकारने १९१३ साली घातले. आता तीच व्याख्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ६१ मध्ये आहे, १ जुलै २०२४ पासून. दोन किंवा अधिक व्यक्तींनी बेकायदा कृत्य करण्याचे, किंवा कायदेशीर कृत्य बेकायदा मार्गाने करण्याचे ठरवणे म्हणजे कट. शेजारणीची पिशवी कोठीत ठेवणे यात कुठेच बसत नाही. एकत्र येणे, गुपचूप बोलणे, आधी विचार करून ठेवणे हा गुन्हा नव्हे. हे प्रत्येक बैठकीत सांगितले पाहिजे.

पण कायद्याच्या पुस्तकात शब्द जसा असतो तसा तो लोकांच्या तोंडी नसतो. दुबळी माणसे एकत्र बसली की बलवानाला त्यात कट दिसतो, हा जुना अनुभव आहे. १९२९ साली मुंबईच्या गिरणी कामगारांचे पुढारी आणि देशभरातले इतर कार्यकर्ते पकडून सरकारने मेरठला खटला भरला. त्याचे नावच मेरठ कट खटला. आदल्या वर्षी गिरण्यांत मोठा संप झाला होता. मालकांच्या बैठका मात्र कोणत्याही खटल्यात 'कट' म्हणून आल्या नाहीत.

आता आपला मराठी शब्द पाहू. 'कारस्थान' दिसायला संस्कृत वाटला तरी तो फारसीच्या वाटेने आला. 'कार' म्हणजे काम. पेशवाईच्या काळात कारस्थान म्हणजे मसलत, राज्याची गुप्त योजना. त्यात निंदा नव्हती. उलट कारस्थानी माणूस म्हणजे राजकारण जाणणारा. शाळेत आपण सगळ्यांनी 'बारभाईंचे कारस्थान' हा धडा घोकला आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांना मारले. चुलता रघुनाथराव गादीवर बसला. तेव्हा सखारामबापू बोकील, नाना फडणवीस आदी मुत्सद्दी एकत्र आले आणि त्यांनी त्याला हटवले. हे झाले कारस्थान, आणि इतिहासाने त्यांची पाठ थोपटली. सखारामबापू साडेतीन शहाण्यांतले पूर्ण शहाणे, नाना अर्धे. त्या साडेतीनात बाई एकही नाही.

त्याच वाड्यात, त्याच प्रकरणात एक बाई होती. रघुनाथरावाची बायको आनंदीबाई. तिच्या वाट्याला काय आले? 'ध चा मा'. नवऱ्याने 'धरावे' लिहिले आणि हिने 'मारावे' केले, ही गोष्ट अडीचशे वर्षे महाराष्ट्र सांगतो आहे. तिला निर्विवाद पुरावा नाही. आनंदीबाई निर्दोष होती असा दावा मी करत नाही. सत्तेची हाव पुरुषाला असते तशी बाईलाही असू शकते. पण न्यायाधीश रामशास्त्री प्रभुण्यांनी दोषी धरून देहांत प्रायश्चित्त सांगितले ते रघुनाथरावाला. तलवारी चालवल्या त्या गारद्यांनी. आणि म्हणीत अडकली ती बाई. शिवाय ही म्हण आणखी एक गोष्ट गुपचूप सांगते: आनंदीबाईला अक्षर येत होते. बाईच्या हातात लेखणी गेली की एका अक्षराने खून पडतो! शिकलेल्या बाईची ही भीती पुढे सावित्रीबाईंच्या अंगावर शेणाच्या गोळ्यांच्या रूपाने आली.

आणि दुसरी बाई, नारायणरावाची विधवा गंगाबाई. ती गरोदर होती. बारभाईंची सारी मसलत तिच्या पोटावर उभी होती. तिला पुरंदरावर नेऊन ठेवले. मुलगा झाला नाही तर बदलता यावा म्हणून आणखी गरोदर बायका तिच्यासोबत ठेवल्याची वदंता ग्रँट डफने आपल्या इतिहासात नोंदवली आहे. खरे-खोटे काहीही असो, १८ एप्रिल १७७४ रोजी मुलगा झाला आणि राज्य वाचले. मुलगी झाली असती तर? त्या पोरीचे आणि तिच्या आईचे काय झाले असते?

आपल्या शेजारच्या जामखेड तालुक्यातल्या चौंडीची लेक अहिल्याबाई होळकर. सासरा गेला, मुलगा गेला, तेव्हा तिच्याच कारभाऱ्याने रघुनाथरावाला हाताशी धरून तिच्या मांडीवर दत्तक देऊन कारभार आपल्या हाती घेण्याचा बेत केला. अहिल्याबाईनेही गुपचूप हालचाली केल्या, इतर सरदारांना पत्रे धाडली, सैन्याची तयारी केली. तो बेत फसला. तिच्या या हालचालींना आज कोणी कारस्थान म्हणत नाही, कारण ती जिंकली, आणि पुढे आपण तिला देव्हाऱ्यात बसवले. बाईच्या शहाणपणाला मान हवा तर तिला आधी देवी व्हावे लागते!

आता आपल्या गावात या. निवडणुकीच्या आधी ढाब्यावर रात्री दोन वाजेपर्यंत बैठक चालते. अविश्वास ठराव येणार असेल तर सदस्यांना गाडीत घालून 'सहलीला' नेतात. महाराष्ट्रात २०११ पासून पंचायतीत निम्म्या जागा बायांच्या आहेत. त्यामुळे हा ठराव पुष्कळदा बाई सरपंचावरच असतो. याला म्हणतात राजकारण, डावपेच, फिल्डिंग. करणारा धोरणी, चाणाक्ष, पोचलेला. आणि सहा बाया पारावर नाही, देवळात नाही, कुणाच्या तरी पडवीत तासभर बसल्या, की जाणारा-येणारा विचारतो, "काय कारस्थान चाललंय?" बाईसाठी शब्दांची रास आहे: कळलावी, कान भरणारी, आतल्या गाठीची, घर फोडणारी. दूरदर्शन मालिकांतही रोज एक ठेवणीतली कारस्थानी बाई असतेच, दागिने घालून दाराआड उभी.

खरे कट कुठे झाले ते आपल्या जिल्ह्याला विचारा. २००१ च्या जनगणनेत बीडमध्ये सहा वर्षांखालच्या दर हजार मुलांमागे ८९४ मुली होत्या. २०११ मध्ये ८०७ उरल्या, राज्यात सर्वांत कमी. गर्भलिंग तपासणीवर बंदी घालणारा देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ साली केला होता, केंद्राचा कायदा १९९४ चा. तरी एवढ्या मुली कमी झाल्या. त्या एकट्यादुकट्याच्या इच्छेने नाही झाल्या. बंद खोलीत यंत्र लावणारा, खुणेने सांगणारा, गिऱ्हाईक आणणारा, पैसे मोजणारा आणि 'आता मुलगाच पाहिजे' म्हणणारे घर, सगळ्यांचा श्वास एक झाल्याशिवाय हे होत नाही. गावाने याला कट म्हटले नाही. 'घरातली गोष्ट' म्हटले.

ऊसतोडीचेही तसेच. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. उचल ठरते मुकादम आणि नवरा यांच्यात, फेडते तिचीही कंबर. २०१९ साली बीडच्या ऊसतोड बायांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न राज्यभर गाजला, सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. पाळीच्या दिवसांत खाडा पडू नये, दंड बसू नये, म्हणून पिशवीच काढलेली बरी, हा हिशेब एकट्या बाईच्या डोक्यातून निघाला नव्हता. गंगाबाईपासून आजपर्यंत बायांच्या पोटावर मसलती होत आल्या. फक्त त्या मसलतींना कारस्थान म्हणण्याचा अधिकार बायांकडे नव्हता.

मैत्रिणींनो, आता थोडे स्वतःकडे. आपणही हा शब्द वापरतो. मागच्या वर्षी बचत गटाच्या हिशेबावरून वाद झाला, तेव्हा मी एका कार्यकर्तीला तिच्या पाठीमागे "कारस्थानी" म्हटले. ते तिच्या कानावर गेले. तिची चूक एवढीच होती, की तिने माझ्याआधी चारजणींना भेटून वही मागायची ठरवली. समोर विचारले असते तर मी ऐकून घेतले असते का? खरे सांगायचे तर नाही. मोठेपणाच्या खुर्चीवर बसले की बाईलासुद्धा खालच्यांची कुजबुज टोचते. मी तिची माफी मागितली. वही आता दर महिन्याला सगळ्यांसमोर वाचली जाते.

त्यातून जे उमगले ते सांगते. उघड बोलण्याची सोय असताना लपवून केले आणि त्याने आपल्याहून दुबळ्याचे नुकसान झाले, तर तो कट, मग करणारी बाई का असेना, आपल्या संघटनेतली का असेना. पण जिथे तोंड उघडले की लाथ बसते, तिथे लपवणे ही लबाडी नव्हे, जीव वाचवण्याची रीत आहे. ज्यांना बायांचे लपवणे खुपते, त्यांनी आधी उघड बोलण्याची जागा द्यावी. सुनेला ओसरीवर बसून बोलू द्यावे, ग्रामसभेत बाईच्या हाती माईक द्यावा, शेताच्या उताऱ्यावर तिचे नाव लावावे. मग कोठीत पिशव्या लपवायची वेळ येणार नाही.

त्या शेजारणीकडे आम्ही तिघी गेलो होतो. तिच्या नवऱ्यासमोरच बसलो, चहा घेतला, आणि कायद्यात कट कशाला म्हणतात ते त्यालाही सांगितले. तो काही बोलला नाही. तिला मी त्या शब्दाचा मूळ अर्थ सांगितला. ती जरा वेळ विचार करून म्हणाली, "मंग केलाच की आपण. तिचा श्वास कोंडला व्हता, आपण तिच्यासंगं घेतला."

पुढची तारीख जवळ आली आहे. ती कोर्टात येईल की नाही, अजून माहीत नाही. पण या महिन्याच्या बैठकीला ती आली होती.

तुमच्या गावात बायांच्या एकत्र येण्याला काय नाव ठेवतात? आणि पुरुषांच्या बैठकीला काय म्हणतात? दोन्ही शब्द लिहून पाठवा. पुढच्या अंकात ते शेजारी-शेजारी छापू.