येळवशीची भज्जी आणि हजार वर्षांचा दावा

येळवशी, म्हणजे मार्गशीर्ष अमावस्या, जवळ आली की उदगीर-लातूरकडे एक वाक्य हमखास कानावर येतं : येळवशीची भज्जी हजार वर्षांची आहे. पुरावा मागितला तर उत्तर ठरलेलं. आपल्याकडे कुणी लिहून ठेवलंच नाही, आजीच्या हातचं तेच प्रमाण. या उत्तराचे दोन्ही भाग मला अमान्य आहेत.

आधी भज्जीचं पातेलंच उघडू. तुरीचे, हरभऱ्याचे, वालाचे ओले दाणे, गाजर, मेथी, कांद्याची पात, भुईमुगाचे दाणे, हिरव्या मिरचीचा ठेचा, चिंचेचा कोळ आणि बेसन कालवलेलं ताक. यातली मिरची आणि भुईमूग मूळचे अमेरिकेतले. १४९८ साली पोर्तुगीज कालिकतला उतरले, त्याआधी इथल्या रानात या दोन्हींपैकी एकही पीक नव्हतं. म्हणजे आजची भज्जी आजच्या रूपात हजार वर्षांची असूच शकत नाही. आजीच्या हाताला चव आठवते, सनावळी आठवत नाही. हा आजीचा अपमान नाही. जे तिने कधी सांगितलंच नाही ते तिच्या तोंडी घालणं हा मात्र नक्कीच अपमान आहे.

आता ‘लिहिलेलं नाही’ याबद्दल. उदगीरच्या शेजारच्या बीदर जिल्ह्यातलं बसवकल्याण ही चालुक्यांची कल्याणी. तिथल्या तिसऱ्या सोमेश्वराच्या नावावरचा ‘मानसोल्लास’ शके १०५१ चा, म्हणजे ११२९ चा. त्यातल्या अन्नभोगाच्या प्रकरणात भात, डाळी, मांस, मासे, गोड पदार्थ कसे करायचे ते श्लोकांत दिलंय. तिखटपणाला मिरं आहे, वासाला हिंग आहे. बडोद्याच्या गायकवाड ओरिएंटल सिरीजने हा ग्रंथ केव्हाच छापलाय.

यावर आक्षेप येतो की ते राजाचं ताट, कुणब्याचं काय? आक्षेप रास्त आहे, पण अर्धाच. त्याच राजाच्या ताटात शेतातले उंदीर भाजून येतात, हे विसरून चालणार नाही. शिवाय राजवाड्याबाहेरचे साक्षीदारही आहेत. म्हाइंभटाच्या ‘लीळाचरित्रा’त तेराव्या शतकातल्या गावागावांतलं जेवण प्रसंगाच्या ओघात येतं, भिक्षान्नासकट. १४७० च्या सुमारास अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी बहमनींच्या बीदरात राहिला. इथले हिंदू उजव्या हाताने जेवतात, सुरी-चमचा वापरत नाहीत, वाटेवर प्रत्येक जण आपापल्या भांड्यात शिजवून घेतो, हे त्याने टिपून ठेवलं. खिचडीही त्याच्या नजरेतून सुटली नाही.

अर्थात साक्षीदाराची उलटतपासणी हवीच. ‘लीळाचरित्रा’ची मूळ प्रत हरवली आणि पुढे आठवणींवरून पुन्हा बांधली गेली, म्हणून पाठभेद तपासल्याशिवाय त्यातल्या पदार्थावर बोट ठेवता येत नाही. निकितिन परका, भाषा तोडकीमोडकी. ‘मानसोल्लासा’त मापं जेमतेम.

इथेच हाताची परंपरा कामाला येते. ‘मानसोल्लासा’तल्या मंडकाचं, म्हणजे मांड्यांचं, वर्णन नुसतं वाचून डोळ्यांपुढे काही उभं राहत नाही. कणीक हातांवर फिरवत फिरवत रुमालासारखी पातळ करून पालथ्या खापरावर टाकणारी बाई पाहिली की श्लोकातली कृती लख्ख कळते. लिहिलेलं आणि चालत आलेलं एकमेकांना दुजोरा देतात, तिथे मी मांड्यांची परंपरा निःशंकपणे मान्य करतो.

भज्जीचं तसं नाही. त्याच ग्रंथात विदलपाक आहे : अनेक डाळी एकत्र दळून त्यांत हिंग, हळद, मीठ. हीच आपल्या भज्जीची पणजी, असं म्हणण्याचा मोह मलाही होतो. पण दोन्हींच्या मधल्या आठ-नऊशे वर्षांचा एकही दुवा हातात नसताना ते म्हणणं गैर आहे.

कुणाला येळवशीला जुन्या चवीची भज्जी शिजवायची असेल तर त्याने अवश्य शिजवावी. मिरचीऐवजी मिरं आणि आलं, शेंगदाण्याऐवजी तीळ, मातीचं भांडं, खाली चूल. मात्र शेतातल्या कोपीत पंगत बसली की यातलं ग्रंथातलं किती, प्रवाशाच्या टिपणातलं किती आणि आपल्या अंदाजाचं किती, हे आंबील वाढायच्या आधी स्पष्ट सांगावं.