बाटलीशी तुलना कोणत्या नळाची?

पाणीपुरवठ्याच्या आढावा बैठकीतसुद्धा टेबलावर बाटल्याच मांडलेल्या असतात. शहराला शुद्ध पाणी मिळते असे इतिवृत्तात लिहिले जाते आणि ते लिहिणारे मात्र बाटलीतले पाणी पितात. आपल्या व्यवसायातल्या प्रत्येकाला ही गोष्ट टोचायला हवी.

नळाचे पाणी प्यावे की बाटलीचे, हे शेजारीपाजारी आणि नातेवाईक आपल्याला हमखास विचारतात आणि आपण गुळमुळीत उत्तर देऊन वेळ मारून नेतो. आमचे उत्तर स्पष्ट आहे. नीट गाळलेले, क्लोरीन दिलेले आणि घरातल्या नळाशी पोचेपर्यंत तो क्लोरीन शिल्लक राहिलेले पाणी खुशाल प्यावे. त्यासाठी बाटली विकत घेण्याची गरज नाही. मात्र आपल्यापैकी किती जण आपल्या हद्दीतल्या शेवटच्या नळाविषयी असे छातीठोकपणे सांगू शकतील?

भारतीय मानक ब्युरोने २०१९ मध्ये देशातल्या मोठ्या शहरांत नळाच्या पाण्याचे नमुने तपासले. मुंबईचे दहाच्या दहा नमुने सगळ्या निकषांवर उतरले; दिल्लीचे अकराच्या अकरा नापास झाले. दोन्हीकडे जलशुद्धीकरण केंद्रे आहेत, दोन्हीकडे शिकलेले अभियंते आहेत. म्हणजे ‘नळाचे पाणी’ अशी काही एकच वस्तू नाही. गाव, प्रभाग, गल्ली बदलली की ते बदलते. मुंबईकरांनीही दहा नमुन्यांवर निर्धास्त राहू नये, हे तिथल्या जुन्या चाळींमध्ये काम केलेल्या कोणालाही सांगावे लागणार नाही.

केंद्रातून पाणी निघते तेव्हा ते बहुधा उत्तमच असते. बिघडते ते वाटेत. पाणी दोन तास सोडले की उरलेले बावीस तास नळी रिकामी, दाबाविना पडून असते. सर्व्हिस लाइनची गंजकी जीआय नळी गटारातून गेलेली असते, सांधा झिरपत असतो. दाब असेपर्यंत पाणी बाहेर गळते, दाब गेला की बाहेरचे आत येते. त्यात कोणी थेट लाइनला मोटार लावली की आपण होऊन न येणारी घाणही ओढली जाते. हे सगळे पार करून पाणी सोसायटीच्या भूमिगत टाकीत पडते. तिचे झाकण तुटके असते, ओव्हरफ्लोला जाळी नसते आणि दोन हातांवर सांडपाण्याचे चेंबर असते. टाकी शेवटची कधी धुतली हे सचिवांना आठवत नाही. ‘मीटरनंतरचे आमच्याकडे नाही’ हे आपले ठरलेले उत्तर कागदोपत्री बरोबर आहे, पण कावीळ झालेल्या मुलाच्या आईला त्याचा काही उपयोग नाही.

काविळीचा विषय निघालाच आहे, तर दिल्लीची १९५५-५६ ची साथ प्रत्येक नव्या अभियंत्याला शिकवायला हवी. वजिराबादला यमुनेतून पाणी घेतात तिथे सांडपाणी मिसळले. क्लोरीनची मात्रा वाढवली गेली, त्यामुळे जिवाणू आटोक्यात राहिले, पण विषाणू निसटला आणि सुमारे २९,००० लोकांना कावीळ झाली. पुढे तो हिपॅटायटिस ई असल्याचे सिद्ध झाले. २०१२ मध्ये इचलकरंजीने याच आजाराची साथ सोसली. नळावर लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन हवा असे पिण्याच्या पाण्याचे मानक आयएस १०५०० म्हणते. विषाणूंपासून संरक्षण हवे असेल तिथे हाच आकडा ०.५ आहे. ही दुसरी ओळ आपल्याकडे फारशी कोणी वाचत नाही.

आता बाटली. तिच्यासाठी आयएस १४५४३ हे मानक आहे आणि सीलबंद, नामांकित कंपनीची बाटली सहसा सुरक्षित असते. पण ती निर्दोष नाही. २००३ मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने बाटलीबंद पाण्यात कीटकनाशकांचे अंश दाखवून दिले, तेव्हा कुठे निकष कडक झाले. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी तिथल्या तीन ब्रँडच्या बाटल्यांत लिटरमागे सरासरी २,४०,००० प्लास्टिककण मोजले, बहुतेक अतिसूक्ष्म. त्यांचा शरीरावर किती परिणाम होतो याचा निकाल अजून लागायचा आहे. पण ‘बाटली म्हणजे शुद्ध’ हे समीकरण तेवढ्याने तरी मोडीत निघावे.

खरी काळजी जारची आहे. लग्नाच्या हॉलपासून कार्यालयांपर्यंत पोचणारा थंडगार जार अनेकदा सीलबंद नसतो, त्यावर परवाना क्रमांक नसतो, पाणी बोअरचे असते. आरओतून गेलेल्या पाण्यात क्षार कमी होतात, पण क्लोरीनही उरत नाही. मग हाताने विसळलेल्या जारमध्ये एकदा जंतू शिरले की त्यांना अडवणारे काहीच नसते. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात गुइलेन-बारे सिंड्रोमचे रुग्ण वाढले. काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जिवाणू आढळला आणि तिथल्या विहिरीच्या पाण्यावर सगळ्यांचे लक्ष गेले, ते योग्यच होते. पण त्याच सुमारास झालेल्या पाण्याच्या तपासणीत खासगी आरओ केंद्रांचे नमुनेही पिण्यास अयोग्य निघाले. नळाला घाबरून जार घेणारा माणूस आगीतून फुफाट्यात पडला होता. आणि हे पाणी तो पैसे मोजून पितो. मुंबईत घरगुती पाण्याचा दर हजार लिटरला दहा रुपयांच्या आत आहे. लिटरभर बाटलीला वीसेक रुपये पडतात. हा फरक हातावर पोट असलेल्या कुटुंबाने आपल्या त्रुटींपायी का सोसावा?

नळाचे पाणी वाटेत बिघडू नये यासाठी चोवीस तास दाब हाच कायमचा उपाय. कराडजवळच्या मलकापूरसारख्या छोट्या गावाने तो करून दाखवला. ओडिशातल्या पुरीने जुलै २०२१ पासून थेट नळाचे पाणी पिण्यायोग्य असल्याचे जाहीर केले. पण तेवढ्या निधीची वाट पाहत बसायचे कारण नाही. क्लोरीन मोजायची डीपीडीची गोळी आणि कंपॅरेटर प्रत्येक चावीवाल्याच्या पिशवीत मावतो. दहा मिलिलिटर पाण्यात गोळी विरघळली की गुलाबी रंग येतो, तो तबकडीशी ताडून पाहायचा. नमुना मात्र जलकुंभाखालच्या सोयीच्या नळावर घेऊ नका, लाइनच्या टोकाला घ्या. नळ पाच मिनिटे वाहू देऊन नव्हे, पाणी सुटताक्षणी घ्या. सगळ्यात वाईट पाणी तेव्हाच येते आणि गरिबाच्या घरी तेच आधी भरले जाते. दहा मिनिटांनी दुसरा घ्या. दोन्ही आकडे लिहा आणि प्रभागाच्या फलकावर लावा. रंग आलाच नाही, तर त्या गल्लीला त्याच दिवशी ‘पाणी उकळून प्या’ असे सांगा. लोक घाबरतील, ही भीती आम्हाला पटत नाही. आकडा लपवला जातो तिथेच लोक बाटलीकडे वळतात.

पुढच्या अंकापासून या मासिकात एक पान शेवटच्या नळावरच्या नोंदींसाठी राखून ठेवत आहोत. अभियंते, प्रयोगशाळेतले रसायनतज्ज्ञ, चावीवाले, ग्रामपंचायतींचे जलसुरक्षक, सर्वांनी आपल्या भागाच्या नोंदी तारीख, वेळ आणि ठिकाणासह पाठवाव्यात. आकडा शून्य असेल तर तोही पाठवा, आणि दुरुस्तीनंतर तो किती झाला तेही कळवा.