इतिवृत्तातील धूळ

जेम्स हार्डी या ऑस्ट्रेलियातील बांधकाम साहित्याच्या बलाढ्य कंपनीच्या संचालकांनी न्यायालयात एक पवित्रा घेतला होता. १५ फेब्रुवारी २००१ च्या बैठकीत शेअर बाजाराला धाडायच्या निवेदनाचा मसुदा आपल्यापुढे आल्याचे आठवत नाही, असा तो पवित्रा. निवेदन दुसऱ्याच दिवशी गेले. ॲस्बेस्टॉसमुळे आजारी पडलेल्यांच्या सर्व रास्त दाव्यांसाठी स्वतंत्र निधी उभारला असून तो पूर्णपणे पुरेसा आहे, अशी ग्वाही त्यात होती. ती धादांत खोटी निघाली. संचालकांना काही आठवत नसले तरी मसुदा मंजूर झाल्याची नोंद इतिवृत्तात होती आणि पुढच्या बैठकीत तेच इतिवृत्त याच मंडळींनी कायम केले होते. अपील न्यायालयाला हा पुरावा अपुरा वाटला. मे २०१२ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने मात्र इतिवृत्तच ग्राह्य धरले आणि सात बिगर-कार्यकारी संचालकांना कर्तव्यभंगाचे दोषी ठरवले.

१९१७ पासून ही कंपनी सिडनीजवळच्या कॅमेलिया येथे ॲस्बेस्टॉस मिसळलेल्या सिमेंटचे पत्रे बनवू लागली. दुसऱ्या महायुद्धानंतर घरांची टंचाई होती आणि हा पत्रा स्वस्त, हलका, न जळणारा, न कुजणारा होता. वसाहतीच्या वसाहती त्याने उभ्या राहिल्या. न्यू साउथ वेल्समधील बॅरिलगिल येथे या उद्योगसमूहाने ॲस्बेस्टॉसची खाणही चालवली. तिथे राबणारे बहुतेक जण आदिवासी होते. १९८७ पर्यंत कंपनीने ॲस्बेस्टॉस पूर्णपणे सोडले. पण फुप्फुसात शिरलेला तंतू काही बाहेर पडत नाही. त्यातून उद्भवणारा मेसोथेलिओमा, म्हणजे फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग, तीस-चाळीस वर्षांनी डोके वर काढतो आणि निदानानंतर रुग्ण बहुधा वर्ष-दीड वर्षच काढतो. ऑस्ट्रेलियाने ३१ डिसेंबर २००३ रोजी ॲस्बेस्टॉसवर संपूर्ण बंदी घातली, तरी तिथे आजही दरवर्षी शेकडो नवे रुग्ण सापडतात.

आजाराला चाळीस वर्षे लागतात, कंपनीला हात झटकायला एक ठराव पुरतो. हार्डीने २००१ मध्ये नेमके तेच केले. ॲस्बेस्टॉसचा धंदा केलेल्या दोन उपकंपन्या सुमारे २९ कोटी ३० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरसह एका प्रतिष्ठानाच्या, म्हणजे त्या ‘पुरेशा’ निधीच्या, गळ्यात बांधल्या आणि मूळ कंपनीने त्याच वर्षी नेदरलँड्समध्ये बिऱ्हाड हलवले. या स्थलांतराला न्यायालयाची परवानगी घेताना सांगितले होते, की दावे वाढलेच तर अंशतः भरणा झालेल्या शेअरच्या रूपाने १९० कोटी डॉलरपर्यंतची रक्कम मागवता येईल. मार्च २००३ मध्ये हे शेअर गुपचूप रद्द केले गेले. ना न्यायालयाला कळवले, ना सरकारला. पुढच्या वर्षी डेव्हिड जॅक्सन यांच्या चौकशी आयोगाने या निधीचा हिशेब मांडला तेव्हा तूट दीड अब्ज डॉलरच्या घरात निघाली. या साऱ्यात बेकायदा किती आणि केवळ निर्लज्ज किती, यावर वकिलांनी वर्षानुवर्षे फी कमावली.

कंपनी अखेर वाकली ती कायद्याच्या धाकाने कमी आणि बर्नी बँटन नावाच्या एका जुन्या कामगारामुळे जास्त. १९६८ ते १९७४ या काळात नळांवर चढवायची उष्णतारोधक आवरणे बनवताना त्यांनी ॲस्बेस्टॉसची धूळ खाल्ली. नाकात नळी आणि सोबत ऑक्सिजनची टाकी, अशा अवस्थेत ते मोर्चात उतरले, पत्रकार परिषदांना बसले, वाटाघाटींच्या टेबलावर गेले. कामगार संघटनांनी बहिष्काराचा इशारा दिला, न्यू साउथ वेल्सच्या सरकारने कायद्याचा बडगा उगारला. फेब्रुवारी २००७ मध्ये भागधारकांनी करार मंजूर केला. त्यानुसार वार्षिक रोख नफ्याच्या कमाल ३५ टक्के रक्कम चाळीस वर्षे नव्या निधीत जमा करायची आहे. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये बँटन मेसोथेलिओमाने गेले. त्यांचा स्वतःचा शेवटचा दावा मृत्यूच्या जेमतेम काही दिवस आधी निकाली निघाला होता.

या कराराचे गोडवे फार गायले जातात. आम्हाला ते मान्य नाहीत. कंपनी कमावेल तेव्हाच देणार, ही त्यातली मेख आहे. अमेरिकेतील घरबांधणी कोसळून कंपनीची कमाई घटताच निधीला चणचण भासू लागली आणि ३२ कोटी डॉलरच्या कर्जाची सोय सरकारला करावी लागली. नफा भागधारकांचा आणि जोखीम करदात्याची, हे गणित तिथेही सुटलेले नाही. तरीही रुग्णाला दार ठोठावण्यापुरती जागा तिथे उरली. याचे कारण निव्वळ कागद. कोण कुठल्या खात्यात किती वर्षे होता, मंडळाने काय ठरवले, डॉक्टरांनी काय लिहिले, हे सारे दप्तरात होते.

आपल्याकडे नेमके हेच नाही. सिमेंटचा पत्रा म्हणून आपण जो गोठ्यावर, चाळीवर, शाळेच्या पडवीवर बिनदिक्कत चढवतो त्यात आजही आयात केलेले पांढरे ॲस्बेस्टॉस असते. रॉटरडॅम कराराच्या धोकादायक पदार्थांच्या यादीत ते जाऊ नये म्हणून अडून बसणाऱ्यांत भारताचे नाव आलेले आहे. आणि ही धूळ मुंबईला परकी नाही. घाटकोपरची हिंदुस्थान फेरोडो ही टर्नर अँड नेवॉल या ब्रिटिश कंपनीची होती. ती मूळ कंपनी ॲस्बेस्टॉसच्या दाव्यांखाली दबून २००१ मध्ये प्रशासकाच्या हाती गेली. मुलुंडला पत्र्यांचा कारखाना होता, दारूखान्यात ॲस्बेस्टॉस असलेली जुनी जहाजे फोडली जात आली.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी १९९५ मध्येच बजावले होते, की ॲस्बेस्टॉस उद्योगातील प्रत्येक कामगाराची आरोग्यनोंद नोकरीच्या सुरुवातीपासून चाळीस वर्षे किंवा निवृत्तीनंतर पंधरा वर्षे, यांतील जी मुदत उशिरा संपेल तोवर जपली पाहिजे. तीस वर्षांनंतर ही दप्तरे कुठे आहेत, हे विचारायला गेले तर कारखान्याच्या जागी टॉवर उभा असतो. कंत्राटी कामगाराचे नाव मुळात मस्टरवर नसते. गावी परतून खोकत मेलेल्याच्या केसपेपरवर क्षय लिहिलेला असतो. अशा माणसाच्या विधवेने कुठल्या न्यायालयात काय सिद्ध करायचे?

बंदी कधी यायची तेव्हा येवो. त्याआधी राज्याच्या औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाने चालू आणि बंद अशा सर्व ॲस्बेस्टॉस कारखान्यांचे हजेरीपट, भविष्य निर्वाह निधीच्या याद्या आणि तपासणीचे कागद ताब्यात घेऊन जुन्या कामगारांचा शोध सुरू करावा. कारखान्याची जमीन विकायला किंवा पुनर्विकासाला परवानगी देताना हे दप्तर सरकारजमा झाल्याचा दाखला सक्तीचा करावा. त्यासाठी नव्या कायद्याची गरज नाही, १९९५ चा आदेश पुरेसा आहे.