नफा झाला की मजूर, नुकसान झालं की मालक



मागच्या हंगामात आमच्या गावच्या फळीवर जे झालं ते आधी सांगते, मग वादाचं बोलू. मे महिन्यात दोन दिवस अवकाळी पाऊस आला. फळीवर वाळत घातलेल्या तेंदूच्या पुडक्यांवर डाग पडले. पुडके मोजून झाले होते. ठेकेदाराच्या दिवाणजीनं वहीत लिहून घेतले होते, बायांच्या कार्डावरही चढले होते. तरी हिशोबाच्या दिवशी तो म्हणतो, डागी मालाचे पैसे कापणार. आमची एक आजी उभी राहिली. म्हणाली, "बाबू, मोजून तुज्या हवाली केला. पाऊस का आमी पाडला?" तो हसला अन् म्हणाला, "आता तर तुमीच मालक आहा ना बाई! सरकारनं कायदा केला. मंग नुकसानबी मालकाचीच."

सभा गप्प झाली. मीही गप्प राहिले, खोटं कशाला बोलू. उत्तर सुचलं नाही. ते उत्तर मी वर्षभर शोधते आहे.

हिवाळ्यात शिबिरात यावर वाद झाला. शहरातून युनियनचे साथी आले होते. त्यांचं म्हणणं असं, की वनहक्काच्या नावानं आदिवासीला छोटा व्यापारी बनवायचं चाललंय. तोडणारा हा मजूर आहे आणि त्याचा खरा मालक बिडी कारखानदार. मालकीच्या गोष्टीनं हे नातं झाकलं जातं, म्हणून मजुरीचा दर मागा आणि त्यासाठी संप करा. आपल्यातले काही भाऊ दुसऱ्या टोकाला. ते म्हणतात, मजुरीचं रडगाणं कायले? आता आपण मालक. बोली लावा, जो जास्त देईल त्याला पान द्या, बाकी बाजार पाहून घेईल.

दोघांचं अर्धं खरं आहे. पण अर्धं खरं घेऊन फळीवर गेलं की दिवाणजी हसतो.

आधी मजुरीचं पाहू. पहाटे तीनला उठून, कंदील नाहीतर बॅटरी घेऊन जंगलात जायचं, ऊन चढायच्या आत डोक्यावर गाठोडं घेऊन परत यायचं. मग घरदार, लेकरं, म्हातारे सगळे मांडी घालून पुडके बांधतात. एका पुडक्यात 70 पानं. 100 पुडक्यांचा शेकडा म्हणजे 7,000 पानं. 1,000 पुडक्यांची एक गोणी, म्हणजे 70,000 पानं. त्यातली निम्मी फाटकी, किडकी म्हणून सोडून द्या. उरली 35,000. एका पानाची एकच बिडी धरली तरी 35,000 बिड्या. 25 बिड्यांचं बंडल धरलं तर 1,400 बंडलं झाली. आता गावच्या दुकानात बंडल कितीला मिळते ते तुम्हाला ठाऊक आहे. 1,400 ला त्यानं गुणा. मग आपल्या कार्डावर गोणीमागे किती चढले ते बाजूला लिहा. शाळेतल्या पोराकडून करून घ्या हा हिशोब, आणि ग्रामसभेत मोठ्यानं वाचा. मधला पैसा सगळा ठेकेदाराचा नाही, तंबाखू आहे, वळणावळ आहे, कर आहे, गाडीभाडं आहे. पण किती कोणाकडे जाते हे आपल्याला कोणी सांगत नाही, अन् आपणही विचारत नाही.

म्हणून युनियनच्या साथींना माझं म्हणणं आहे: दर वाढवून मागा, जरूर मागा. पण जंगल जर वनखात्याचं आणि पान ठेकेदाराचं, तर दर त्याच्या मर्जीवर. 1969 च्या कायद्यानं सरकारनं तेंदूचा व्यापार हातात घेतला. कूप-घटक पाडून लिलाव केले. पैसा सरकारी तिजोरीत, माल ठेकेदाराच्या गोदामात, आणि आपल्या वाट्याला फक्त तोडाई. इतकी वर्षं आपण मजूरच होतो ना? मजूर म्हणून संपही केले. संप मिटला की जंगल पुन्हा त्यांचंच. तेव्हा मालकीचा प्रश्न लबाडीचा नाही. 2006 च्या वनहक्क कायद्याच्या कलम 3(1)(ग) मध्ये गौण वनोपजाची मालकी आपली लिहिली आहे, बांबू आणि तेंदू त्यात आले. 2012 च्या सुधारित नियमांनी वाहतुकीचा परवानाही ग्रामसभेच्या समितीनं द्यायचा. हे कोणी दानात दिलं नाही. मेंढा-लेखाला 2009 मध्ये सामूहिक हक्काचा कागद मिळाला, तरी बांबूच्या वाहतुकीच्या पासासाठी 2011 चा एप्रिल उजाडला आणि दिल्लीच्या मंत्र्याला गावात यावं लागलं.

आता "आपण मालक" म्हणणाऱ्या भावांना विचारते. 2013 पासून गोंदिया-गडचिरोलीतल्या ग्रामसभा स्वतः लिलाव करू लागल्या. चांगलं झालं. पण लिलावाला येतं कोण? तेच चार-पाच व्यापारी, जे आधी वनखात्याच्या लिलावाला येत होते. बारदाना त्यांचा, सुतळी त्यांची, ट्रक त्यांचा, गोदाम त्यांचं, मुन्शी त्यांचा. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, हंगामातला रोकडा त्यांचा. एका गावाला तो म्हणतो, शेजारचं गाव कमी भावात तयार आहे. शेजारच्या गावाला आपलं नाव सांगतो. दोन्ही गावं घाबरून सही करतात. 2017 ला भाव चढले, 2018 ला धाडकन पडले. त्या एका वर्षात जंगल बदललं नाही, पान बदललं नाही. आपण मालक असतो तर माल दोन महिने गोदामात ठेवून भावाची वाट पाहिली असती. ठेवायला ना गोदाम, ना तोवर चुलीला पैसा.

कागद आपला, पैसा त्याचा. मग जंगल कोणाच्या ताब्यात आहे, तुम्हीच सांगा.

साथींनी शिबिरात गोदुताई परुळेकरांचं नाव घेतलं, म्हणून तेही बोलू. 1945 ला तलासरी-डहाणूकडे वारली उठले. वेठ बंद करा, गवत कापायचा दर वाढवा, ही मागणी होती. 10 ऑक्टोबरला तलवाड्याला गोळीबार झाला, जेठ्या गांगड आणि त्यांच्याबरोबर आणखी चौघे गेले. मजुरीचीच लढाई होती, हे खरं. पण ती वेठ कशाची होती? लग्नाला सावकाराकडून पैसे उचलले की नवरा-बायको दोघं त्याच्या वाड्यावर राबायचे. त्यांना लग्नगडी म्हणत. म्हणजे उचल होती, उचलीत माणूस बांधलेला होता. आज ठेकेदार होळीच्या आधी गावात येतो, चार पुढाऱ्यांच्या हातात उचल ठेवतो, मांडवाला-देवाला थोडे देतो, आणि अख्ख्या गावाचं पान बांधून घेतो. तेव्हा माणूस बांधायचे, आता ग्रामसभा बांधतात. दराच्या आधी उचलीची दोरी कापावी लागते, हे वारल्यांच्या लढ्यातूनही दिसतं.

ही दोरी सरकारला कापता आली असती. आपण बँकेत गेलो. साहेब म्हणाले, तारण काय देता? जंगल तारण देता येत नाही, अन् देऊही नये, ते नातवंडांचं आहे. तेवढ्यावर दार बंद. पण सप्टेंबर 2019 मध्ये याच सरकारनं कंपन्यांचा कर 30 टक्क्यांवरून 22 वर आणला. त्यात वर्षाला 1 लाख 45 हजार कोटी जातील असं अर्थमंत्र्यांनी स्वतः सांगितलं. तेव्हा कोणी तारण मागितलं नाही. कंपनीला दिलं तर ते 'प्रोत्साहन', आपण दोन महिन्यांचं खेळतं भांडवल व्याजासकट परत करू म्हटलं तर ती 'खैरात'. जुलै 2017 ला जीएसटी आला तेव्हा बिडीवर 28 टक्के आणि तेंदूच्या पानावर 18 टक्के लावले. ठेकेदारानं ते दाखवून आपला भाव पाडला.

आणि त्याच वर्षी बिडी कामगारांच्या कल्याणाचा उपकर बंद केला, ज्यातून त्यांचे दवाखाने आणि पोरांच्या शिष्यवृत्त्या चालत होत्या. इथं सोलापूरच्या बाया आठवतात. आपलं पान त्यांच्या सुपात जाते. दिवसाला हजार बिडी वळणारी बाई फार तरबेज समजायची. म्हणजे आपली एक गोणी तिचे 35 दिवस खाते. पान कमी पडलं तर पदरचं घाल. वळलेली बिडी कारखान्यात गेली की काही 'छाट' म्हणून बाजूला काढतात, त्याची मजुरी नाही. आपल्याकडे डागी पान, तिच्याकडे छाट बिडी. दिवाणजी एकाच शाळेत शिकलेले दिसतात! त्या बायांनी लढून घरं मिळवली. दहा हजार घरांची वसाहत आहे सोलापूरला, आणि तिला नाव गोदुताईंचंच. 1966 चा बिडी कामगारांचा कायदा होता, तोही 2020 च्या श्रमसंहितेत गुंडाळला. साथींनो, मजुरीचा लढा म्हणता ना, मग आमची गाठ त्या बायांशी घालून द्या. आम्ही पान रोखलं तर तिची चूल विझेल, ठेकेदार हेच सांगून आम्हाला घाबरवतो. दोघी एकाच दिवशी बोललो तर कोणाला घाबरवेल?

बिडी काही चांगली वस्तू नाही, हेही कबूल. खोकून खोकून गेलेली माणसं आपल्याही घरात आहेत. चंद्रपूरकडच्या पाचगावानं तेंदू तोडणंच बंद केलं. फांद्या छाटतात, आगी लागतात, जंगल बिघडते म्हणून. त्यांना बांबूचा आधार होता. आपल्या सगळ्या गावांना तो नाही. पण "नाही तोडत" म्हणायची ताकद असणं, हीच मला मालकी वाटते. आज आपल्यात ती नाही, कारण मेमध्ये तोडलं नाही तर जूनमध्ये बी-बियाणाला पैसा नाही.

आमच्या ग्रामसभेनं या हंगामासाठी ठराव घेतला आहे, तो सांगते. एकट्या गावानं कोणाशीही करार करायचा नाही. इलाख्यातल्या सगळ्या ग्रामसभा एकत्र बसून खालचा भाव ठरवतील, कोरचीत महाग्रामसभा उभी राहिली तशी. होळीच्या आधीची उचल कोणत्याही पुढाऱ्यानं घ्यायची नाही, घेतली तर सभेत परत करायची. मुन्शी आपला राहील, आपल्या पोरीच दहावी-बारावी शिकल्या आहेत, त्या मोजतील. शेकड्यावर वरचे पुडके बंद. अर्धे पैसे तोडणी सुरू व्हायच्या आधी ग्रामसभेच्या खात्यात. आणि करारात एक ओळ आम्ही आमच्या शब्दांत घातली आहे: फळीवर मोजून कार्डावर चढलं की माल घेणाऱ्याचा, त्यावर ऊन पडो की पाऊस.

ही ओळ आजीनं सांगितली, मी फक्त लिहून घेतली. व्यापारी म्हणतात, अशा ओळीवर सही करणार नाही. दोन गावं कचरत आहेत, त्यांची नावं इथं लिहीत नाही. खोडकटाईला अजून वेळ आहे. हा अंक सभेत वाचून झाला की कचरणाऱ्यांनी आमच्या गावी यावं, भात आम्ही रांधू.