म्हातारपणी मनगट मोडले तर

न्हाणीत पाय घसरतो, तोल सावरायला हात टेकला जातो, सगळे वजन तळहातावर येते आणि मनगटाजवळचे हाड मोडते. साठीच्या पुढच्या बायांत हे फार घडते, कारण पाळी गेल्यावर हाडे ठिसूळ होत जातात. या मोडीला डॉक्टर ‘कोलीज फ्रॅक्चर’ म्हणतात. अब्राहम कोलीज या आयरिश सर्जनने १८१४ साली, एक्स-रेचा शोधही लागला नव्हता तेव्हा, तिचे वर्णन लिहून ठेवले.

कुणीतरी सांगते, प्लेट टाकावी लागेल. लगेच लेक शेळी विकायला निघतो, नाहीतर सावकाराकडे. बंधू-भगिनींनो, जरा थांबा. ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुक शहरातील डॉक्टरांनी २०११ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. पासष्ट व त्यापुढील ७३ रुग्ण होते. काहींना प्लेट टाकली, काहींना नुसते प्लास्टर. वर्षभरानंतर दुखणे आणि मनगटाची हालचाल दोन्हीकडे सारखीच निघाली. मुठीची पकड तेवढी प्लेटवाल्यांची जास्त होती. प्लास्टरवाल्यांचे हाड एक्स-रेत वाकडे दिसे, पण कामाला अडत नव्हते.

मात्र प्लेट नको म्हणजे कामट्या बांधा, असे नव्हे. हाडवैद्याचा हात हलका असेलही, पण त्याच्याजवळ एक्स-रे नाही. कामट्या करकचून बांधल्या तर रक्त अडते, बोटे काळी पडतात आणि हात कापायची पाळी येते. पुसद, दारव्हा, पांढरकवडा येथे उपजिल्हा रुग्णालये आहेत. राज्याच्या आरोग्य खात्याच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. तिथे जमले नाही तर यवतमाळचे वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहेच.

निघण्याआधी बांगड्या, अंगठी काढा. नवरा असताना हात रिकामा कसा करू, म्हणून आजी अडून बसते. समजवा तिला. सूज चढली की तीच बांगडी मांसात रुतते.

दवाखान्यात हात बधिर करून हाड ओढून बसवतात आणि पाच-सहा आठवडे प्लास्टर ठेवतात. आपल्याकडे चूक होते ती इथे. प्लास्टर लागले की लोक सहा आठवडे फिरकत नाहीत. ठिसूळ हाड आतल्या आत सरकते, म्हणून आठवड्याने आणि पुन्हा दुसऱ्या आठवड्यात एक्स-रे हवाच. जुनी फिल्म आणि चिठ्ठी सोबत न्या. (मी पडलो बाबू माणूस, कागद जपायची सवय!) बोटे निळी, थंड वा बधिर झाली, किंवा दुखणे वाढतच गेले, तर रात्र असली तरी निघा, प्लास्टर चिरून सैल करावे लागते.

जखम उघडी असेल, हाड बाहेर आले असेल, बोटांतला बधिरपणा जात नसेल किंवा बसवलेले हाड पुन्हा फार सरकले, तर डॉक्टर ऑपरेशन सांगतील. तेव्हा टाळाटाळ नको.

आजीला पहिल्या दिवसापासून बोटे, कोपर, खांदा हलवायला लावा. “हात हलवू नको” म्हणणारी सून मायेनेच म्हणते, पण त्यानेच हात आखडतो. रात्री हात उशीवर उंच ठेवा. प्लास्टर निघाल्यावर कोमट पाण्यात फडके पिळायला द्या. भाकरी थापण्याइतकी ताकद यायला सहा महिनेही लागतात.

आणि हाडे ठिसूळ झाल्याचे डॉक्टरांजवळ आवर्जून बोला, औषध विचारा. मनगटानंतर खुब्याची पाळी येते, आणि तिथे बहुधा प्लास्टरवर भागत नाही. न्हाणीतले शेवाळ या रविवारीच घासून काढा.