तीनशे पंधराच्या काडतुसाची कुळकथा



होळीच्या दिवसांत अक्कलकुवा तालुक्यातल्या काठी गावी जो गेला असेल, त्याला सातपुड्यातल्या माणसाचे जुने हत्यार कोणते हे सांगायला नको. तीरकामठा. त्याच्यामागून आली ठासणीची बंदूक आणि सगळ्यांत शेवटी काडतुसाची. आज या काडतुसाबद्दल चार गोष्टी सांगायच्या आहेत. विषय शेतीबाहेरचा वाटेल, पण तसा तो नाही. ज्यांच्या घरी वाडवडिलांच्या परवान्याची बंदूक आहे त्यांनी हे वाचावे आणि ज्यांच्या शेजाऱ्याकडे आहे त्यांनी तर जरूर वाचावे.

ठासणीच्या बंदुकीत तोंडाकडून आधी दारू, मग बोळा, मग शिसे असे सारे गजाने ठासावे लागे. पाऊस आला की दारू भिजली आणि सावज गेले. पुढे मोजून घेतलेली दारू आणि गोळी कागदाच्या पुडीत बांधायची सोय निघाली. ही पुडी दातांनी फाडावी लागे. १८५७ साली चरबी लावल्याच्या वार्तेने शिपाई खवळले ते याच कागदी काडतुसावरून. ‘काडतूस’ हा शब्दही मूळचा आपला नव्हे, तो पोर्तुगीजांकडून आलेला आहे.

खरी क्रांती केली पितळेने. पितळी काडतुसात चार वस्तू असतात : बुडाला टोपी, आत दारू, तोंडाशी गोळी आणि या तिघांना धरून ठेवणारे पितळी नळकांडे. घोडा टोपीवर आपटतो, ठिणगी पडते, दारू जळून वायू होतो आणि तो वायू गोळीला पुढे रेटतो. यातली खुबी पुढेच आहे. वायूच्या जोराने पितळ क्षणभर फुगते आणि नळीला आतून घट्ट चिकटून बसते, त्यामुळे आगीचा लोट मागे, बार काढणाऱ्याच्या तोंडावर येत नाही. गोळी निघून गेली की पितळ पुन्हा आक्रसते आणि रिकामे नळकांडे सहज बाहेर येते. आपल्या हातपंपातला चामडी वायसर दाब आला की फुगून नळीला चिकटतो आणि पाणी मागे जाऊ देत नाही, तसाच हा प्रकार.

तोवर लष्करी बंदुकांची गोळी चांगली अकरा मिलिमीटर जाड असे आणि बार काढला की धुराचा ढग उठे. १८८४ साली फ्रान्समध्ये बिनधुराची दारू निघाली. तिचा जोर मोठा, म्हणून गोळी बारीक करता आली. १८८६ साली फ्रेंच लष्कराने आठ मिलिमीटरची रायफल घेतली आणि सगळ्या युरोपाची धांदल उडाली. दहा वर्षांच्या आत जर्मनी, ऑस्ट्रिया, इंग्लंड सगळ्यांनी आपापली नवी काडतुसे काढली. लष्करासाठी निघालेली हीच काडतुसे पुढे शिकाऱ्यांची झाली.

त्यांची नावे वाचायला सोपी आहेत. ‘७ × ५७’ म्हणजे गोळी सात मिलिमीटर जाडीची आणि नळकांडे सत्तावन्न मिलिमीटर लांब. पुढे ‘आर’ असेल तर बुडाला बाहेर आलेली कड आहे. हे ७ × ५७ जर्मनीच्या माउझर कारखान्याचे. त्यालाच इंग्रज ‘२७५ रिग्बी’ म्हणत. कुमाऊंतल्या चंपावतची नरभक्षक वाघीण जिम कॉर्बेट यांनी १९०७ साली मारली, त्याबद्दल त्यांना भेट मिळालेली रायफल याच काडतुसाची होती.

शेतकऱ्याला आवडावे असे काडतूस म्हणजे ९.३ × ६२. बर्लिनचा बंदूकवाला ऑटो बोक याने ते १९०५ साली काढले, तेही आफ्रिकेतल्या जर्मन वसाहतीत शेती करणाऱ्यांसाठी. त्यांना राजेरजवाड्यांची दुनळी रायफल परवडत नसे. साध्या माउझर रायफलीत बसेल आणि हरणापासून मोठ्या जनावरापर्यंत चालेल, असे एकच काडतूस त्याने दिले. सगळ्या कामांना एकच गडी!

आता आपल्याकडचे पाहू. इंग्रज सरकारला धाक होता तो हा, की लष्कराचा दारूगोळा चोरीला गेला तर तो लोकांच्या बंदुकीत चालू नये. म्हणून लष्करी ३०३ बोअर सर्वसामान्य परवानाधारकाला बंद. तेव्हा बर्मिंगहॅमच्या बी. एस. ए. कंपनीने युक्ती काढली. रायफल इंग्रजी घडणीची ठेवली, पण काडतूस घेतले ऑस्ट्रियाच्या लष्कराचे, १८९० च्या सुमाराचे ८ × ५० आर. हिंदुस्थानात त्याचे नाव पडले ‘३१५ बोअर’. इंचाचे हजार भाग केले तर त्यातले ३१५ म्हणजे बरोबर आठ मिलिमीटर. सोयरीक दूरची, पण हिशेब चोख.

सरकारची ही भीती कशाची होती हे आपल्या जिल्ह्याला वेगळे सांगायला नको. ९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबारात पोलिसांच्या गोळीबारात बाल शिरीषकुमार आणि त्याचे चार सोबती हुतात्मे झाले. गोळ्या एकाच बाजूला होत्या. दुसऱ्या बाजूला फक्त तिरंगा होता.

स्वातंत्र्यानंतर ३१५ ची रायफल बंगालमधल्या ईशापूरच्या सरकारी कारखान्यात बनू लागली. तिची काडतुसे पुण्याजवळ खडकीला बनतात. तो दारूगोळा कारखाना १८६९ सालचा. ऑस्ट्रियाच्या लष्कराने हे काडतूस १९३० नंतर टाकून दिले, पण आपल्याकडे ते आजही चालते. जुने वाण ज्या मातीत रुजले तिथेच टिकावे, तसे हे झाले.

लोकांना ही जुनी काडतुसे का आवडतात? त्यांत फाजील वेग नाही. गोळी वजनदार, चाल बेताची आणि खांद्याला धक्का सोसवेल इतका. शंभर वर्षे वापरून पारखलेली वस्तू आहे, फसवत नाही. या ओढीत काही गैर नाही. पण ओढ असावी ती घडणीची आणि इतिहासाची. जनावर मारण्याचे दिवस संपले आहेत. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारीवर आवर घातला आणि १९९१ च्या दुरुस्तीने शिकारीचे परवानेच बंद केले.

आता व्यवहाराच्या गोष्टी. शहादा-तळोद्याच्या उसात बिबट्या असतो, मक्यात आणि भुईमुगात रानडुकरे शिरतात, हे दुःख खरे आहे. रात्रभर माळ्यावर जागणाऱ्याचा राग आम्ही समजू शकतो. तरीही बंदुकीचा परवाना म्हणजे जनावर मारण्याचा परवाना नव्हे. रानडुक्कर किंवा नीलगाय पिकाची नासाडी करत असेल तर अधिकृत वनाधिकाऱ्याची लेखी परवानगी आधी लागते. बिबट्याच्या बाबतीत तो अधिकार फक्त राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकाचा. नुकसान झाले तर लगेच वनखात्याला कळवून पंचनामा करून घ्यावा. विजेचा प्रवाह सोडलेली तार आणि गावठी बॉम्ब यांच्या वाटेला मुळीच जाऊ नये. त्यात डुकराआधी आपलाच बैल किंवा शेजारचा पोर सापडतो.

दुसरे, पल्ला. छऱ्याच्या काडतुसाचा जोर थोड्या अंतरावर संपतो, पण रायफलीची गोळी दोन-तीन किलोमीटरही जाऊ शकते. अंधारात बांधापलीकडे झाडलेली गोळी पुढच्या पाड्यावर जाऊन पडेल. शेतात, वस्तीच्या आसपास रायफल हे राखणीचे हत्यारच नव्हे.

तिसरे, आजोबांची पेटी. परवानाधारक वारला की त्याची बंदूक आणि काडतुसे वेळ न दवडता पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागतात. वारसाला ती हवी असेल तर त्याने आपल्या नावाचा परवाना मागावा. ‘घरचीच वस्तू आहे’ हे उत्तर कायद्यापुढे चालत नाही. काडतुसावर हिरवा गंज चढला असला तरी ते मेले असे समजू नका. ते विस्तवात टाकू नका, ठोकून पाहू नका, मोडीत देऊ नका आणि मुलांच्या हाती तर मुळीच देऊ नका.

आयाबायांना एक विनंती. घरात बंदूक असेल तर ती कुलपात आहे का आणि काडतुसे तिच्यापासून वेगळी ठेवली आहेत का, हे आज संध्याकाळी विचारा. दोन किल्ल्यांपैकी एक तुमच्या कमरेला असू द्या.