विद्यापीठांतील मुलांचें म्हणणें कोण ऐकणार ?

शेतकरी बैल घ्यावयास बाजारांत जातो तेव्हां दांत पाहतो, खांदा पाहतो, चार पावलें चालवून पाहतो, आणि मग पैसे मोजतो. सुतार लांकूड घेतो तेव्हां गांठ पाहतो. परंतु हाच शेतकरी व हाच सुतार आपला मुलगा नांदेडास किंवा लातुरास कॉलेजांत घालतो तेव्हां तेथें काय शिकवितात, कोण शिकवितो, वर्षांतून किती दिवस शिकवितो, हें विचारीत नाहीं. फी भरली, खोली पाहून दिली, भाकरीचा डबा एस.टी.च्या टपावर चढविला, कीं आपलें काम झालें असें त्यास वाटतें. तीन वर्षांनीं मुलगा कागद घेऊन घरीं येतो. कागद खरा असतो, शिक्का खरा असतो. त्या कागदामागें शिकणें किती आहे हें मात्र एकट्या त्या मुलास ठाऊक असतें, आणि त्यास कोणी विचारीत नाहीं.

आमच्या मराठवाड्यास विद्यापीठ सुखासुखीं मिळालेलें नाहीं, हें नव्या पिढीस ठाऊक असावें म्हणून दोन शब्द सांगतों. निजामाच्या राज्यांत 1918 सालीं हैदराबादेस उस्मानिया विद्यापीठ निघालें. देशी भाषेंतून उच्च शिक्षण देण्याचा तो प्रयोग मोठाच होता. पण ती भाषा उर्दू होती, आणि आमच्या कुणब्याच्या, कोष्ट्याच्या घरांत ती कोणी बोलत नव्हतें. 1938 सालीं वसतिगृहांत ‘वंदे मातरम्’ म्हटल्याबद्दल तेथील विद्यार्थ्यांस काढून टाकण्यांत आलें, तेव्हां नागपूरच्या विद्यापीठानें त्यांपैकीं कित्येकांस जवळ केलें. पुढें 1948 सालीं निजामी गेली. 1950 सालीं नांदेडास पीपल्स कॉलेज निघालें, त्याच सालीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या संस्थेनें औरंगाबादेस कॉलेज काढलें, तेंच पुढें मिलिंद या नांवानें प्रसिद्ध झालें. 1958 सालीं औरंगाबादेस मराठवाडा विद्यापीठ झालें. तरी नांदेडच्या मुलास एखाद्या दाखल्यासाठीं अडीचशे किलोमीटरच्या आसपास प्रवास करावा लागे. शेवटीं 17 सप्टेंबर 1994 रोजीं नांदेडजवळ विष्णुपुरी येथें स्वामी रामानंद तीर्थांच्या नांवानें निराळें विद्यापीठ स्थापन झालें, व लातुरासही त्याचें उपकेंद्र झालें. लातूरच्या राजर्षी शाहू कॉलेजचे प्राचार्य डॉ. जनार्दन वाघमारे हे त्याचे पहिले कुलगुरु.

त्याच 1994 सालच्या जानेवारींत औरंगाबादच्या विद्यापीठास बाबासाहेबांचें नांव जोडण्यांत आलें. विधिमंडळानें ठराव केला होता 1978 सालीं. मध्यें सोळा वर्षें गेलीं. त्या ठरावावरून आमच्याच खेड्यांतून, आमच्याच शेजाऱ्यांचीं घरें जाळण्यांत आलीं. जाळणाऱ्यांत पुष्कळ जण असे होते कीं ज्यांच्या घराण्यांत विद्यापीठाची पायरी कोणी चढलेलें नव्हतें. ज्या वास्तूंत काय शिकवितात हें आपणांस ठाऊक नाहीं, तिच्या पाटीसाठीं शेजाऱ्याचें छप्पर पेटविणें ही लाजेची गोष्ट होती, व ती आम्हीं विसरूं नये. नांवाचा प्रश्न स्वाभिमानाचा होता, तो न्यायानें सुटला. परंतु त्या पाटीच्या आंत शिकविणें कसें चालतें, हा प्रश्न घेऊन त्या सोळा वर्षांत किंवा त्यानंतर आमच्या पंचक्रोशींत कोठें सभा भरल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं.

प्रस्तुत लेखक खेड्यांतला मास्तर आहे. त्याच्या हाताखालून गेलेलीं मुलें दिवाळीस व उन्हाळ्यांत गांवीं येतात, आणि पारावर बसलीं म्हणजे बोलतात. कोणत्या कॉलेजचीं हें येथें सांगण्याचें प्रयोजन नाहीं. या दोन जिल्ह्यांतील निरनिराळ्या कॉलेजांचीं आहेत, आणि त्यांचें म्हणणें बहुतेक सारखें पडतें म्हणूनच तें लिहिण्याजोगें वाटलें.

पहिलें म्हणणें शिक्षकांच्या जागांचें. एका विषयाला मंजूर असलेले शिक्षक पुरे नाहींत. एक निवृत्त झाला कीं ती जागा रिकामी, दुसरा गेला कीं तीही रिकामी. मग तासिका तत्त्वावर माणूस नेमतात. जितके तास घेतले तितक्या तासांचे पैसे. सुटी आली, परीक्षा आली, कीं पैसे बंद. आणि मिळावयाचे तेही कित्येक महिन्यांनीं. हा माणूस कोण असतो ? तो आमचाच असतो. मेंढपाळाचा, साळ्याचा, चांभाराचा मुलगा, ज्यानें एम.ए. केलें, नेट-सेट केलें, कांहींनीं पीएच.डी.ही केली, लग्नाचें वय टळून गेलें, तो सकाळीं एका गांवीं दोन तास घेतो, दुपारीं दुसऱ्या गांवीं दोन, आणि संध्याकाळीं बापाच्या शेताला पाणी देतो. मुलांस हें सर्व दिसतें. एक मुलगी आम्हांस सांगत होती कीं, गुरुजी, आमचे सर फार चांगलें शिकवितात, पण पुढच्या वर्षीं ते असतील कीं नाहीं हें त्यांनाच ठाऊक नसतें, मग आम्हीं शंका विचारायला जावें तरी कोणाकडे ? या मुलीनें जें एका वाक्यांत सांगितलें तें मोठमोठ्या अहवालांत सांपडत नाहीं. खेड्यांतले बाप या शिक्षकाला पाहून म्हणतात, "एवढें शिकून काय झालें ?" आणि धाकट्या पोराची शाळा सोडवितात. म्हणजे एक रिकामी जागा दोन पिढ्यांचें नुकसान करते.

दुसरें म्हणणें भाषेचें. दहावीपर्यंत मराठींतून शिकलेला मुलगा विज्ञानाच्या वर्गांत बसतो. पुस्तक इंग्रजी, पडद्यावरच्या ओळी इंग्रजी, आणि कित्येक ठिकाणीं त्या ओळी वाचून दाखविणें यालाच शिकविणें म्हणतात. मुलास विषय समजत नाहीं असें नाहीं. तो पिकावरची कीड ओळखतो, मोटारीचा बिघाड काढतो. पण न समजलेली गोष्ट विचारावयास जी भाषा लागते ती त्याच्या तोंडीं नसते, म्हणून तो गप्प बसतो. शहाणे लोक म्हणतात, खेड्यांतलीं पोरें वर्गांत प्रश्न विचारीत नाहींत. कसे विचारतील ?

तिसरें म्हणणें भीतीचें, व तें मुलें आवाज खालीं करून सांगतात. अंतर्गत गुण शिक्षकाच्या हातांत. ज्याच्या हातांत गुण, त्याच्याविषयीं बोलावयाचें कसें ? विद्यार्थ्यांचें मत विचारण्याची सोय नाहीं असें मात्र नव्हे. कॉलेजांस दर्जा देणाऱ्या नॅक या मंडळानें 2017 पासून जी पद्धत आणली, तींत विद्यार्थ्यांच्या समाधानाची पाहणी घातली. तींत 21 प्रश्न, आणि पहिलाच प्रश्न असा कीं अभ्यासक्रमापैकीं वर्गांत किती शिकविण्यांत आला. प्रश्न अगदीं योग्य. पण आमच्या मुलांच्या सांगण्याप्रमाणें, पाहणीची वेळ आली कीं त्यांस बोलावून सांगण्यांत येतें कीं आपल्या कॉलेजचें नांव जाऊं देऊं नका, सर्व चांगलें भरा. मुलें मोबाईल काढतात आणि सर्व चांगलें भरतात. तक्रार वहीवर चढली नाहीं, म्हणजे तक्रार नाहीं असें ठरतें. आमच्या तलाठ्याच्या जुन्या पीकपाहणीची ज्यांस आठवण आहे त्यांस हा प्रकार नवा वाटणार नाहीं.

इतर म्हणणीं थोडक्यांत सांगतों. वसतिगृहांत जागा थोड्या. खोलीचें भाडें आणि खानावळ यांतच बापाच्या सोयाबीनचे पैसे संपतात. शेवटची गाडी संध्याकाळीं लवकर सुटते म्हणून मुलींस दुपारनंतरचे तास सोडावे लागतात. राज्य सरकारनें 2024 सालीं, घरचें उत्पन्न आठ लाखांच्या आंत असल्यास, व्यावसायिक शिक्षणांत मुलींची फी माफ केली, हें चांगलें झालें. पण फी माफ होऊन गाडी चुकत असेल तर मुलगी घरींच राहते.

आतां मुलांकडेही पाहूं, कारण तींही कांहीं धुतल्या तांदळासारखीं नाहींत. कित्येकांचें नांव कॉलेजांत आणि बूड अभ्यासिकेंत असतें. पोलीसभरती, तलाठीभरती, राज्यसेवा, यांच्या मागें तीं लागलेलीं असतात आणि पदवी ही बाजूची गोष्ट समजतात. परीक्षेच्या आदल्या आठवड्यांत बाजारांतून गाईड आणावयाचें, हाच त्यांचा विद्यार्थीधर्म. वर्ग रिकामा दिसला कीं शिक्षक म्हणतो, मुलें येत नाहींत. मुलें म्हणतात, सर येत नाहींत. दोघेही कांहीं अंशीं खरें बोलतात, आणि संस्थेचें काम न बोलतां चालतें.

शिकविणें आमच्या भागांत होऊंच शकत नाहीं असें कोणी म्हणेल तर त्यानें लातुराकडे पाहावें. 1980 नंतरच्या काळांत तेथील शाहू व दयानंद कॉलेजांच्या शिक्षकांनीं बारावीच्या मुलांस नेमानें शिकविलें, जादा तास घेतले, वरचेवर चांचण्या घेतल्या, पेपर तपासून चुका दाखविल्या. दुष्काळी जिल्ह्याचीं पोरें गुणवत्ता यादींत चमकूं लागलीं आणि ‘लातूर पॅटर्न’ हें नांव राज्यभर झालें. पुढें त्याच्या आसपास शिकवण्यांचा बाजार बसला व गरिबाला तो परवडेना, ही गोष्ट निराळी. पण तीच मुलें, तेंच शहर. बारावीपर्यंत रोज हजेरी आणि पदवीच्या वर्गांत बांकांवर धूळ, हें कसें? मुलें म्हणतात, बारावीचा निकाल बाप पाहतो, गांव पाहतें, वर्तमानपत्र पाहतें. पदवीचा कोणी पाहत नाहीं.

नांदेडच्या पीपल्स कॉलेजांत नरहर कुरुंदकर होते. आधीं ते शाळेंत मास्तर, मग कॉलेजांत प्राध्यापक, पुढें प्राचार्य. 1982 सालीं वारले, तरी अजून त्यांचे विद्यार्थी त्यांच्या तासाची गोष्ट काढतात. ते जन्मानें ब्राह्मण होते हें आम्हांस ठाऊक आहे. जो गरिबाच्या पोरास मन लावून शिकवितो त्याची जात आम्हीं विचारीत नाहीं, आणि जो शिकवीत नाहीं तो आमच्या जातीचा आहे म्हणून त्यास सोडणारही नाहीं.

हें शेवटचें वाक्य जाणून लिहिलें. 1882 सालीं जोतीराव फुल्यांनीं हंटर कमिशनापुढें लेखी सांगितलें कीं सारा भरतो शेतकरी, आणि त्या पैशावर वरच्या वर्गांचीं पोरें शिकतात. तेव्हां कॉलेजांच्या किल्ल्या दुसऱ्यांच्या कमरेला होत्या. आज या दोन जिल्ह्यांत त्या बहुतेक आपल्याच लोकांच्या कमरेला आहेत. संस्थाचालक आपले, आमदार आपले, कार्यक्रमांत फुले-शाहूंच्या तसबिरीस हार घालणारेही आपले. शिक्षकाच्या जागेसाठीं काय द्यावें लागतें याची कुजबूज प्रत्येक बाजारांत ऐकूं येते. ती खोटी असेल तर आपल्या लोकांनीं जागा उघडपणें भरून ती खोटी पाडावी. शाहू महाराजांनीं वसतिगृहें काढलीं, भाऊराव पाटलांनीं 1919 सालीं रयत शिक्षण संस्था काढली, तीं रयतेच्या पोरानें शिकावें म्हणून.

मुलांचें म्हणणें ऐकणें म्हणजे मुलांच्या हातीं कॉलेज देणें, अशी ओरड होईल. युरोपांत बोलोन्या येथें फार जुनें विद्यापीठ आहे. तेथें मध्ययुगांत विद्यार्थ्यांचा संघ शिक्षकास पगार देई, आणि तास घेण्यास शिक्षक उशीरां आला तर त्यास दंड करी. आम्हीं दंड मागत नाहीं. आमचें मागणें लहान आहे. मत विचारावयाचें तें मराठींत विचारावें. अंतर्गत गुण विद्यापीठाकडे गेल्यानंतर विचारावें. तें गोळा करणारा माणूस त्या कॉलेजचा नसावा. आणि जें निघेल तें वर्षांतून एकदां पालकांच्या सभेंत वाचून दाखवावें. किती तास ठरले होते व किती झाले, किती जागा मंजूर व किती भरलेल्या, हा हिशेब दरवाज्यावर लावावा. दूधडेअरीवर फॅट लिहून लावतात, तितकें कॉलेजांस जड नाहीं. आणखी एक. 2016 च्या विद्यापीठ कायद्यानें विद्यार्थी परिषदेच्या निवडणुकीची वाट मोकळी केली. 2019 सालीं त्या होणार असें जाहीर झालें व मग पुढें ढकलण्यांत आल्या. अठरा वर्षांच्या मुलास खासदार निवडतां येतो, तर वर्गाचा प्रतिनिधि निवडतां येऊं नये काय ?

बापांसही काम आहे. येत्या हंगामांत नांदेडास किंवा लातुरास आडतीवर माल घालावयास जाल, तेव्हां दोन तास मोकळे काढून मुलाच्या कॉलेजांत जावें. धोतर मळलें आहे, इंग्रजी येत नाहीं, म्हणून दारांतून परतूं नये. आंत जाऊन विचारावें : आज माझ्या मुलाचे तास किती आहेत, आणि कोण घेणार ?

ज्या मुलामुलींस आपल्या वर्गाची हकीकत लिहावयाची असेल त्यांनीं ती साध्या मराठींत, कागदाच्या एका बाजूस लिहून या पत्राच्या कचेरीकडे पाठवावी. विषय, ठरलेले तास व झालेले तास तेवढे नीट लिहावेत. लिहिणाऱ्याचें नांव व कॉलेजचें नांव छापण्यांत येणार नाहीं.